बसण्याचे तीन रुपये

मी आयुष्यात एकदाच मालक झालो. माझ्याकडे एकच कामगार होता आणि त्याला मी इतकं राबवलं, की त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं माझ्या दारावर दगड मारले असते. त्यानं मारले नाहीत, कारण दार त्याचंच होतं. मालक मी आणि कामगारही मीच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, भिवंडीत, निजामपुऱ्यात हा कारखाना जेमतेम वर्षभर चालला. आज पन्नाशीत मित्रांना ही गोष्ट सांगताना मी उठून दोन्ही पार्ट करून दाखवतो आणि लोक पोट धरून हसतात. इथे बसूनच लिहायचं आहे, त्यामुळे हसणं थोडं कमी होईल.

काम काय, ते आधी सांगतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मागच्या बाजूला सुताचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. बीमवरचं सूत संपलं की लूम थांबतो. मग नवा बीम चढवायचा आणि जुन्याच्या प्रत्येक तारेला नव्याची एकेक तार जोडायची. एका बीमला दोन-अडीच हजार तारा. लूमच्या मागे बुटक्या पाटावर बसायचं, बोटांना राख लावायची, दोन तारांची टोकं एकत्र धरायची आणि अंगठ्यानं पीळ द्यायचा. एक तार इकडची तिकडे गेली की कापडात फॉल्ट. या कामाला सांधणी म्हणतात आणि मी सांधणीवाला होतो. चांगला होतो. दिवसाला दोन बीम आरामात सांधायचो.

मी ज्या शेठकडे ड्युटीवर होतो, त्याचे चोवीस लूम होते. आठवड्याचा हप्ता बेचाळीस रुपये, बीम येवो न येवो. ऐकायला गोड वाटतं. पण बीम नसेल तेव्हा सांधणीवाला रिकामा बसलेला कुठल्याही शेठला बघवत नाही. मग मी झाडू मारायचो, पाणी भरायचो, शेठचा डबा आणायचो. एक दिवस शेठनं मला त्याच्या सासूबाईंची गादी पिंजाऱ्याकडे पोचवायला सांगितली. भर बाजारातून डोक्यावर गादी घेऊन मी निघालो, आणि नेमके माझ्या सासुरवाडीचे, काल्हेरचे दोघे जण समोरून आले.  त्यांनी गादीकडे बघितलं आणि रस्ता दिला, मयताला देतात तसा.

गादी पोचवून मी परत आलो आणि लूमच्या मधोमध उभं राहून राजीनाम्याचं भाषण केलं. रस्त्यानं येताना पाठ केलं होतं. माणसाची किंमत, हाताचा हुन्नर, सासूची गादी, सगळं त्यात होतं. चोवीस लूम चालू होते. शेठला माझं तोंड हलताना दिसलं, एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याला वाटलं मी सुट्टी मागतोय. त्यानं मान डोलावली आणि हातानंच ‘जा’ म्हणाला. माझ्या स्वातंत्र्याला एवढ्या सहज परवानगी मिळाली.

घरी बायको कांड्या भरत होती. आमच्या खोलीत एक चाक होतं. ती कारखान्यातून सूत आणायची, चाकावर कांड्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची आणि शंभर कांड्यांवर पैसे घ्यायची. गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करत. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं. तिनं चाक थांबवलं.

“गादीवरनं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“काल्हेरवरनं सांगावा आला. तुमी चालत आलाव, तो सायकलवरनं आला.”

मी तिला माझा बेत सांगितला. आता कुणाची ड्युटी नाही. बाहेरचा सांधणीवाला म्हणून कारखान्या-कारखान्यांत जाऊन बीमवर पैसे घेणार. माझा मालक मीच.

“व्हा मालक,” ती म्हणाली. “पन तुमच्या कामगाराचा पगार कोन देनार?”

“मीच.”

“मंग दर शुक्रवारी बेचाळीस रुपये माझ्या हातात. काम असो, नसो. ज्या शुक्रवारी कमी पडतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुपचूप शेठकडं परत. कबूल हाय?”

“कबूल.”

“गादी न्यायला लागली तरी?”

“तरी.”

पैज अशी लागली. पगार चुकला की मालकी संपली.

आता माझी हुशारी ऐका. निजामपुऱ्यात चहाच्या एका हॉटेलासमोर लांब बाकडं होतं. बाहेरचे सांधणीवाले, आठ-दहा जण, त्यावर बसत. कुठल्या कारखान्यात बीम संपला की शेठचा निरोप हॉटेलात यायचा आणि ज्याची पाळी असेल तो उठून जायचा. भाव कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. बीमला पाच रुपये. बाकड्यावरचा कुणी आपणहून कारखान्याच्या दारात जात नसे. गेलाच, तर शेठला वाटायचं याला गरज आहे. ज्याच्याकडे मी हे काम शिकलो तो उस्ताद याच बाकड्याच्या टोकाला बसायचा. साठीचा उत्तर प्रदेशी माणूस, पातळ दाढी, बोटांची पेरं राखेनं कायमची करडी झालेली.

मी हिशोब केला. हप्त्याचे सहा दिवस, दिवसाला दोन बीम, म्हणजे बारा. मला हवेत बेचाळीस. म्हणजे एका बीमला साडेतीन रुपये पुरतात. आणि ही बाकड्यावरची मंडळी पाच घेतात. मला त्यांचा रागच आला. वर अर्धा दिवस चहा पीत बसतात. मी ठरवलं, आपण चार घ्यायचे. कामगाराला साडेतीनचा रास्त पगार आणि मालकाला बीममागे अर्धा रुपया नफा. हिशोबात एक पैसा चुकला नव्हता. मी तो आजही कुणालाही करून दाखवीन.

बाकड्यावर मी बसलोच नाही. थेट कारखान्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, चार. पहिल्या हप्त्यात तेरा बीम मिळाले.

आमचा पगाराचा समारंभ बघायला शेजारणी येत. शुक्रवारी वीज बंद, लूम बंद, गल्लीत एवढी शांतता की माणसांना एकमेकांशी बोलताना अवघडल्यासारखं वाटायचं. सकाळी अंघोळ करून मी वडिलांची काळी टोपी घालायचो आणि खाटेवर मांडी घालून बसायचो. हा मालक. मग टोपी काढून खाली उतरायचो आणि हात बांधून उभा राहायचो. हा कामगार.

“काय रे, मंगळवारी दुपारी कुठं होतास?” मालक विचारी.

“मानकोलीला गेलतो शेठ. आईला बरं न्हवतं.”

“आईला दर हप्त्याला कसं बरं नसतं? चल, या टायमाला सोडतो.”

असं म्हणत टोपीवाला बेचाळीस रुपये मोजायचा, बिनटोपीचा ते कपाळाला लावायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. बायको दोघांपैकी कुणावरही विश्वास न ठेवता पुन्हा मोजायची. वर उरलेला नफा मालकाचा. पहिल्या महिन्याच्या नफ्यात मालकानं चपला घेतल्या. कामगाराला लूमखाली अनवाणीच बसावं लागतं, त्यामुळे त्याचा प्रश्न आला नाही.

असे दोन-तीन महिने गेले. मग बीम माझ्या हिशोबाप्रमाणे यायचे बंद झाले.

बीम दिवसाला दोन येत नाही. सोमवारी पाच कारखान्यांत एकदम संपतो आणि मंगळवारी कुठेच नाही. बोलावलेलं असतं सकाळी, पोचावं तर जुन्या बीमवर अजून वीस मीटर सूत असतं. वीज जाते, ते वीस मीटर संध्याकाळपर्यंत संपत नाहीत. नवा बीम खळ लावून यायचा असतो, तो ओला येतो. आपण पाटावर बसलेले. मालक म्हणून मी स्वतःला त्या बसण्याचे पैसे देत नव्हतो, कारण कुठल्या शेठनं कधी दिले होते? आठ-नऊ बीमवर हप्ता संपायला लागला. नवाचे छत्तीस.

पण बेचाळीस तर द्यायचे होते. मग मी मालकासारखा विचार केला. कामगाराची दुपारची झोप बंद केली. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणजे सांधायला निवांत वेळ, म्हणून समारंभ उरकून शुक्रवारीही पाठवायला लागलो. एकदा त्याला सणकून ताप आला. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याला सांगितलं, तापात बोटं हलतातच की. ती हलली, पण एका बीमच्या चाळीस तारा चुकल्या आणि त्या फुकट पुन्हा सांधाव्या लागल्या. डोळ्यांपुढे तारा नसतानाही तारा दिसायच्या. जेवताना भाताची शितं मी बोटांनी पिळायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, “तुमचा मालक लय वाईट हाय. शेठ गादीच उचलाय लावायचा, पन जेवू तरी द्यायचा.”

तेवढ्यात अठ्ठेचाळीस लूमच्या एका शेठनं सांगितलं, माझे सगळे बीम तुझे, पण साडेतीन. मी हो म्हणालो. साडेतीन हा तर रास्त पगारच होता ना, माझ्याच हिशोबानं. नफा सोडला, एवढंच.

त्यानंतर उस्ताद मला भेटायला आला. कारखान्यात आला नाही, तो तसा जात नसे. गल्लीच्या तोंडाशी टपरीवर थांबून त्यानं निरोप पाठवला. मी राखेच्या बोटांनी गेलो. त्यानं दोन चहा सांगितले.

“कितने में कर रहा है?”

“साडे तीन.”

“और हिसाब क्या लगाया?”

मी सांगितला. बारा बीम, बेचाळीस रुपये. शिष्याला पाढे बिनचूक आले की मास्तर ऐकतो तसं त्यानं ऐकलं.

“बेटा, पाँच में दो हाथ के हैं,” तो म्हणाला, “तीन बैठने के.”

मला कळलं नाही असं मी दाखवलं. त्यानं सावकाश समजावलं. जोडायचे दोनच रुपये. बाकीचे तीन हे बीम येईपर्यंत बसण्याचे, वीज जाण्याचे, तापाचे, शुक्रवारचे, आणि डोळे जातील त्या दिवसानंतरचे. शेठ हे तीन रुपये कधी वेगळे मागू देत नाही, म्हणून ते गाठीतच बांधून घ्यायचे. बाकड्यावर बसतात ते आळशी म्हणून नव्हे. बसलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे पाच मागता येतात.

“और अब बाकड़े पे भी चार हो गया है,” तो म्हणाला. “कल साढ़े तीन होगा. तेरी वजह से.”

मी तेव्हा जे बोललो ते आजवर एकाही बैठकीत करून दाखवलेलं नाही. मी म्हणालो, “उस्ताद, ज्याला बसायचंय त्यानं बसावं. मला कामं आहेत.”

उस्तादनं माझ्या बोटांकडे बघितलं. “हाँ, काम तो बहुत है तेरे पास,” म्हणाला, दोन्ही चहांचे पैसे दिले आणि निघून गेला. त्याला बहुतेक नीट दिसत नव्हतं, कारण टपरीची पायरी त्यानं पायानं चाचपली. मी हात दिला नाही. माझा बीम उघडा पडला होता.

काही महिन्यांत सुताचे भाव चढले. लहान शेठ लोकांनी अर्धे लूम बंद ठेवले. बीमच येईनात. सगळ्या निजामपुऱ्यात सांधणीवाले तेवढेच आणि बीम निम्मे. आता मला उस्तादचा हिशोब पाठ झाला. मी अठ्ठेचाळीस लूमवाल्याकडे गेलो आणि पहिल्यांदा पाच मागितले. शेठ गल्ल्यावर बसला होता. वाईट माणूस नव्हता, त्यानं मला खुर्ची दिली.

“पाच? बाजारात साडेतीन चाललाय.”

“कोण म्हणतं?”

“तू म्हणतोस. माझ्याकडे सहा महिन्यांपास्नं.”

“तेव्हा बीम जास्त होते शेठ. आता दिवसदिवस बसून राहावं लागतं.”

“ते खरं आहे,” शेठ म्हणाला. “पण बसायला मी कुठं सांगतो? बीम असला की ये, नसला की नको येऊ.”

 याचं उत्तर एकट्यानं देण्यासारखं नव्हतं. ते बाकड्यावरच्या आठ-दहा जणांनी मिळून न बोलता दिलेलं होतं, आणि ते मीच मोडलं होतं. तरी मी बाकड्याकडे गेलो. मंडळी सरकली, मला जागा दिली. कुणी शिवी दिली नाही, टोमणा मारला नाही. हॉटेलवाल्यानं कपात चहा ओतला. तेवढ्यात एका कारखान्याचा निरोप आला, आणि निरोप आणणाऱ्यानं जे पूर्वी कुणी विचारत नसे ते विचारलं. “सव्वातीनमधी कोन येतो?”

सगळ्यांनी खाली बघितलं. मग उस्ताद उठला. त्याची पाळीही नव्हती. भिंतीला हात लावत तो गेला.

त्या हप्त्यात माझे आठ बीम झाले. अठ्ठावीस रुपये.

शुक्रवारी मी अंघोळ केली, टोपी घातली, खाटेवर बसलो. शेजारणी दारात होत्या. मालकानं घसा साफ केला आणि म्हणाला, “हे बघ, धंदा मंदा आहे. या हप्त्याला थोडं सांभाळून घे.” टोपी काढून मी खाली उतरलो. कामगारानं काहीतरी बोलायला हवं होतं. नाटकात तिथे वाक्य असतं.  मी नुसता उभा राहिलो, हातात टोपी धरून. एका शेजारणीला हा नवा विनोद वाटला आणि ती हसली.

बायकोनं शेजारणींना चहाचं विचारून वाटेला लावलं. अठ्ठावीस रुपये मोजले. “चौदा कमी हायेत,” ती म्हणाली. जिंकल्यासारखं नाही, नुसतं कमी आहेत एवढंच. “उद्या जाताव ना?”

“जातो.”

शनिवारी मी जुन्या शेठकडे गेलो. मला वाटलं होतं तो हसेल. पण त्याच्या लेखी मी सुट्टीवर गेलो होतो, मोठ्या सुट्टीवर, आणि आता परत आलो होतो. त्यानं पाट दाखवला. मी हप्त्याचं विचारलं.

“अडतीस.”

“बेचाळीस होते शेठ.”

“तेव्हा बाहेर पाचचा भाव होता. आता साडेतीन, कोणी तर सव्वातीनमधी करतो. माझे हप्त्याला दहा बीम. साडेतीननं पस्तीस. आणि तू इथं बसून राहशील, त्याचे वर तीन धर. झाले की नाही अडतीस?”

झाले. मी हिशोब मनात दोनदा करून पाहिला, बरोबर होता. उस्ताद एकेका बीममागे बसण्याचे तीन रुपये गाठीत बांधत होता. शेठनं तेच तीन रुपये अख्ख्या हप्त्याला धरले, आणि तेही उपकार म्हणून. भाव खाली आणायला शेठ लोकांनी काही केलं नव्हतं. त्यांना सभा घ्यावी लागली नाही, धमकी द्यावी लागली नाही. एक माणूस जेमतेम वर्षभर शुक्रवारी टोपी घालून स्वतःला रास्त पगार देत होता, तेवढ्यानं निजामपुऱ्यातल्या प्रत्येक सांधणीवाल्याचा पगार उतरला. ड्युटीवाल्यांचाही. माझाही.

मी पाटावर बसलो. दुपारी बीम नव्हता, म्हणून झाडू मारला.

घरी आलो तेव्हा बायको चाकावर होती. मी आकडा सांगितला. मला वाटलं ती चाक थांबवेल. तिनं थांबवलं नाही. हातातलं सूत तुटू न देता तिनं एवढंच म्हटलं, “मंग चार रुपयांच्या कांड्या मी जास्ती भरीन.”

आणि ती भरायला लागली, त्याच हप्त्यापासून. चार रुपयांसाठी रोज किती वेळ जास्त बसावं लागतं, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला हिशोब येत होता.